डोकं पुढे की मागे

सर, तुम्ही शिकवलेली घोट्याची पकड मी आता जपानमध्ये रग्बी खेळणाऱ्यांना शिकवतो. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, त्यामुळे हे तुमच्या कानावर घालायचं राहूनच गेलं. कबड्डीच्या शिबिरासाठी क्योतोला आलो होतो, तिथे कावासाकीच्या एका रग्बी संघाचे मुख्य प्रशिक्षक बघायला आले होते. नव्वद किलोचा गडी मी घोट्यात धरून पाडला आणि दोन महिन्यांत त्यांनी मला पकड शिकवायला ठेवून घेतलं. करार वर्षावर्षाचा, व्हिसा त्या करारावर. जपानी मी कुठल्याही क्लासला न जाता शिकलो, रग्बीसुद्धा पुस्तक आणि डिक्शनरी समोर ठेवून. भेटेल त्याला हे सांगतो. मुलगी इथेच वाढली, तरी तिला माझं जपानी लिखाण कधी तपासू दिलं नव्हतं. परवापर्यंत.

आपल्या खेळात चढाईला आलेला समोर पाय नाचवत असतो, धावत अंगावर येत नाही. त्याने पाय पुढे टाकला की डाव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या खेळाडूने झेप घ्यायची, डोकं त्याच्या पायांपुढे गेलं तरी बिघडत नाही. तुम्ही तर ओरडायचात, "डोकं घाल पुढं. मुंडी वाचवून पकड होत नसते." रग्बीत शंभर किलोचा माणूस पूर्ण वेगात येतो. तिथे डोकं त्याच्या मागच्या बाजूला, मांडीला चिकटवून ठेवायचं असतं. पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलं आहे. मी ते वाचलं होतं, सर. त्या ओळीखाली माझ्याच पेन्सिलीची रेघ आहे. पण मला वाटलं, पकड म्हणजे काय, हे यांना कुठे ठाऊक आहे.

संघात ओकिनावाचा एक खेळाडू आहे, चोवीस वर्षांचा, मोजकं बोलणारा. तो डोकं मागेच ठेवायचा. मी त्याला तीनदा थांबवलं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "कोच, डोकं पुढे?" मी म्हणालो, "पुढे. मी अकरा वर्षं व्यावसायिक खेळलोय, असाच." तो "हाय", म्हणजे हो, म्हणाला आणि तसं करायला लागला. इथे प्रशिक्षकाला कुणी चूक म्हणत नाही. तुमच्या मैदानावर तरी कोण म्हणायचं? पुढच्याच सामन्यात समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो उठला, "दाइजोबु, ठीक आहे" म्हणाला आणि बाहेर येताना रीतीप्रमाणे मैदानाला नमस्कार करायला कमरेत वाकला. फक्त मैदान त्याच्या पाठीमागे होतं. तो कुंपणाला नमस्कार करत होता. बाकावरचा एक जण हसला आणि लगेच गप्प झाला.

हॉस्पिटलमध्ये मी मेलन घेऊन गेलो. आजाऱ्याला फळ न्यायचं असेल तर खोक्याला न सुटणारी गाठ मारतात, आजार पुन्हा येऊ नये म्हणून. दुकानदाराने फुलाची गाठ मारली होती, ती मी त्याला बदलायला लावली. असल्या बाबतीत माझं चुकत नाही. मला बघून तो पलंगावर उठून बसला, मान खाली घातली. "कोच, माझं तंत्र कच्चं पडलं. तुम्हाला त्रास दिला." मी खोकं टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "हं."

तो "हं" माझा नव्हता. जिल्ह्याची फायनल आहे, मी अठरा वर्षांचा, उजवा गुडघा सकाळपासून सुजलेला. तुम्ही म्हणता, "कोपरा मोकळा ठेवू का मग? जा उभा राहा." दुसऱ्या चढाईला गुडघ्यातून आवाज येतो, तो मला आजही ऐकू येतो. मंडळाच्या लोकांना तुम्ही सांगितलंत की पोरगं वॉर्म-अप नीट करत नाही. आठ दिवसांनी आमच्या स्वयंपाकघरात आलात, पाटावर बसलात, आईने चहा दिला. पेपरात गुंडाळलेली नी-कॅप पुढे केलीत आणि म्हणालात, "घालत जा." मी म्हणालो, "सर, चूक माझीच." तुम्ही बशीत चहा ओतलात आणि म्हणालात, "हं." कित्येक वर्षं मी त्या नी-कॅपला तुमची माया समजत आलो. मेलन घेऊन गेलो तेव्हा कळलं, तो तुमचा सुटकेचा रस्ता होता.

उद्या दुखापतीचा फॉर्म द्यायचा आहे. त्यात कारणाची एक ओळ असते. खेळाडूचा निष्काळजीपणा लिहिला तर संघ त्याला पुढच्या वर्षी ठेवणार नाही. शिकवण्यातली चूक लिहिली तर मला. मार्चमध्ये मुलीची हायस्कूलची प्रवेशपरीक्षा आहे आणि भारतात परत गेलो तर तिला मराठी धड वाचतासुद्धा येत नाही. परवा मी फॉर्म भरला आणि पहिल्यांदाच तिच्यापुढे ठेवला.

"बाबा, इथे तुम्ही लिहिलंय की त्याने लक्ष दिलं नाही."

"अर्थ मला कळतो. तू अक्षरं तपास."

तिने पुन्हा वाचलं. "पण तुम्ही तर घरी म्हणत होतात, तो सगळं लक्ष देऊन ऐकतो."

"अक्षरं, बाळा."

"अक्षरं बरोबर आहेत," ती म्हणाली, कागद माझ्याकडे सरकवला आणि मराठी न येणाऱ्या तिच्या आईशी जपानीत दुसरंच काही बोलायला लागली.

दर भेटीत तुम्ही विचारायचात, नी-कॅप वापरतोस ना, आणि मी हो म्हणायचो. सर, ती मला एक दिवसही बसली नाही. दोन मापं लहान होती. माझा गुडघा तुम्ही कधी हात लावून बघितलाच नव्हता. आणि त्या पोराला डॉक्टरांनी काय सांगितलं, हे मीही अजून विचारलेलं नाही.

प्रशिक्षकाने डोकं चुकीच्या बाजूला ठेवायला शिकवलं. एवढंच वाक्य आहे. ते तुम्हाला मराठीत लिहिलं, कारण या घरात आणि त्या क्लबात मराठी कुणी वाचणार नाही. जपानीतही ते मला येतं. सकाळपासून ओठांवर येतंय; फॉर्मवर अजून परवाचीच ओळ आहे.