सुमनची काळी चार

लालबाग, १२ मार्च, मंगळवार

बाजाची पेटी दुरुस्तीला दिली. कारागीर हसला, "आजोबा, ही सगळ्यांच्या वर चढून बसलीये! आता जगभर एकच सूर, चारशे चाळीस हर्ट्झ. त्यावर उतरवतो, नाहीतर भजनात कीबोर्डशी जुळायची नाही." मी हो म्हटलं. हे ठरवलं कोणी?

सुमन, माझी बायको, गेल्यापासून रोज संध्याकाळी तिची भजनाची कॅसेट लावतो, पेटीवर साथ करतो. तिची पट्टी, काळी चार, म्हणजे ह्याच पेटीची काळी चार. पेटी उतरली तर बेसूर कोण, ती की मी? आज नुसती कॅसेट ऐकली. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

शेवटी कारागिराला फोन केला. "राहू दे चढी."

"मग भजनात काय वाजवणार?"

"टाळ. त्याला पट्टी लागत नाही."