माईंच्या तळहातावरचे ठिपके

प्रिय माई,

आज तुमची शलाका माझ्या स्वयंपाकघरात बसून दोन पोळ्या जेवली, वर "काकू, वरणात मीठ कमी आहे" असंही म्हणाली. ताप जाऊन आज तिसरा दिवस. लेकीचं हे तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले.

आपल्या दांडिया बाजारातल्या घराच्या दारात दुपारी गाय यायची, आठवतं? तुम्ही तिला पोळी द्यायचात, मग तिच्या कानामागच्या गोचिडी एकेक ओढून नखांनी चिरडायचात. हात तरी धुवा, मी म्हणायचे. गोमातेच्या सेवेत कसली आलीय घाण, हे तुमचं उत्तर. आणि ते मला पटायचंही. खोटं कशाला बोलू?

मग तुम्हाला ताप आला. डोकं इतकं दुखायचं की उजेड सोसवेना. चौथ्या दिवशी मनगटांवर, घोट्यांवर लाल ठिपके उठले, पाठोपाठ तळहातांवर, तळपायांवर. आणि मी, तुमची धाकटी जाऊ, म्हटलं, देवी आल्या! उशाशी कडुलिंब ठेवला, तापाच्या गोळ्या बंद केल्या, घरात फोडणीसुद्धा दिली नाही. असे तीन दिवस गेले, माई. दवाखान्यात डॉक्टरांनी तुमचे तळहात बघून आधी गोचिडींचंच विचारलं. पण उशीर झाला होता. तुम्ही घरी परत आलाच नाहीत.

तुम्ही मला रागावलात का नाही? एरवी माझ्या आमटीलाही नावं ठेवायचात की!

गेल्या आठवड्यात शलाका वाघोडियाहून आली ती तापानेच. सासरी म्हशींचं तीच करते. मी आधी तिचे हात उघडून पाहिले. मनगटावर चार ठिपके. समोरच्या कोकिलाबेन म्हणाल्या, "माताजी पधार्यां छे, दवा ना अपाय." माझंच तेव्हाचं म्हणणं: देवी आल्यात, औषध द्यायचं नाही.

"माताजींना मी परत आल्यावर हात जोडीन," मी म्हटलं, "आधी हिला औषध."

बसची वाट न बघता रिक्षा केली. पै-पैचा हिशेब करणाऱ्या माझ्यासारखीने! म्हशी, गोचिडी, ताप कधीपासून, ठिपके कुठून सुरू झाले, सगळं डॉक्टरांना मीच सांगितलं. ते म्हणाले, हा गोचीडतापच वाटतो. रक्ताचा निकाल येईपर्यंत थांबायचं नाही, डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या आजच सुरू. दोन दिवसांत घाम येऊन ताप उतरला. बरं वाटलं तरी गोळ्या मात्र मी पुऱ्या घ्यायला लावणार आहे.

गाय अजून येते, मी तिला पोळी अजून देते. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढते, चिरडत नाही, मग साबणाने हात धुते. शलाकाने सासरी सांगितलंय, म्हशींना गुरांच्या डॉक्टरांकडून औषध लावून घ्या, आणि गोठ्यातून आलं की अंग, केस तपासा.

आज जेवणानंतर तिला ते तीन दिवस सांगितले. इतकी वर्षं धीर झाला नव्हता. तिने हात धुतले, माझंही ताट उचललं. मग म्हणाली, "काकू, हे भजनी मंडळात सांगा. आईचं नाव घेऊन सांगा. नुसता सल्ला बायका ऐकत नाहीत."

माई, शुक्रवारी मंडळात आरती झाली की मी उभी राहणार. अंगावर पुरळ दिसलं म्हणून कुणाच्या गोळ्या बंद करू नका, हे सांगताना तुमच्या कुणी बंद केल्या होत्या, तेही सांगेन. तुम्हाला शब्द देते.

तुमची धाकटी,
सुनंदा