करंगळीएवढी जागा

मामाजी, दुकान अजून फाट्यावरच आहे. टिनाचं छप्पर तेवढं बदललं, आणि तुमची बाज होती तिथे आता लाकडी बाक आहे. हल्ली सायकली येतात त्या जाडजूड टायरच्या, रंगीबेरंगी, निम्म्यांना तर मडगार्डच नसतं. पाठीवर चिखलाचा पट्टा उमटला तरी पोरं हसत जातात. तुम्ही असता तर म्हणाला असता, "हे का सायकल आहे व? हा तं बिनधोतराचा माणूस आहे." मनात असं तुमचं बोलणं चालूच असतं. सून म्हणून या घरात आले तेव्हा तुमच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, आणि आता मेलेल्या माणसाशी दिवसभर तोंड चालवते.

तुमचा उजवा हात-पाय लकव्यानं गेला तेव्हा तुमचा मुलगा कापसाच्या जिनिंगवर कामाला होता. दुकानाला कुलूप लावणं तुम्हाला मानवेना. बाज दाराशी आणवली आणि चुलीपुढून मला हाक मारली. मी चौथीपर्यंत शिकलेली. टायरवरचे आकडे वाचायला तुम्हीच शिकवलं, बाकीचं मी ट्यूब गुंडाळून यायच्या त्या कागदांवरून वाचत गेले. फाट्यावरचे लोक दात काढायचे. "म्हाताऱ्यानं सुनेच्या हाती पाना देल्ला! आता सायकलीले पोळ्या लावून देईन ते." तुम्ही बाजेवरून म्हणायचात, "तिच्या पोळ्या फुगते तं ट्यूबही फुगीन. दम धर ना बाप्पा." तुमच्या त्या एका वाक्यावर मी पहिलं वर्ष काढलं.

आणि पहिला धडा मडगार्डचा. आपली काळी माती पिकाला माय आणि चाकाला वैरीण. दोन पाऊस पडले की टायरला धरते, मडगार्डखाली कोंबली जाते, आणि चाक असं आवळते की बैलानंही ओढू नये. तुमचा नियम साधा होता. दीड इंची टायर असेल तर मडगार्ड खुशाल ठेव, खालून माती फिरून पडायला जागा उरते. रिक्षाला लावतात तो जाड टायर टाकला तर पावसाळ्यात मडगार्ड उतरव, दिवाळीनंतर चढव. आणि कोणी दोन्ही मागितलंच तर चाक हळूहळू फिरवून पाहा, वर, खाली, चाकाला दोन्हीकडून धरणाऱ्या चिमट्यापाशी. "सारीकडून करंगळी गेली पाह्यजे. अडली तं नाई म्हण. गिऱ्हाईक गेलं तरी चालते."

मग ते अळीचं वर्ष आलं. पोळा होऊन गेलेला. कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढलेली, आणि अळी कोणत्याच औषधाला ऐकेना. लोक दोन-दोन औषधं एकात कालवायचे. फवारायला जाणाऱ्यांच्या अंगाला येणारा वास दुकानात ते गेल्यावरही बसून राहायचा. त्यातलाच एक, आपल्याच गावचा, रोजीनं फवारणी करणारा, सायकल घेऊन आला. तुम्हाला काकाजी म्हणायचा.

"वहिनी, मांगचा टायर जाड टाका. पंप, पाण्याचा डबा, सारं याच्यावरच. बारीक टायर रोज बसते."

"मंग मडगाड काढा लागते," मी म्हटलं.

"नोका काढू. पोरगी मांगं बसते शाळेत जातानी. पांढरा फराक आहे तिचा. चिखल उडाला तं तिची माय मले मोगरीनं धुऊन वाळू घालीन."

तुम्ही बाजेवर खदखदून हसलात. मी मडगार्डच्या तारा वाकवून ते जरा वर उचललं, नटाखाली चकती घातली, जाड टायर बसवला. तुम्ही विचारलंत, "करंगळी गेली का?"

"गेली जी."

"चिमट्यापाशी?"

"तेथूनही गेली."

खोटं बोलले नाही, मामाजी. गेली होती.

पंधराएक दिवसांनी भर दुपारी तो शेतातच पडला. तोंडाला फेस, डोळ्यापुढे अंधार. त्याची बायको त्याच शेतात निंदणाला होती. तिनं आणि शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर असलेल्या एका माणसानं त्याला कॅरियरवर बसवलं, पदरानं सीटला बांधलं आणि पांदणीच्या कच्च्या वाटेनं डांबरी रस्त्याकडे ढकलायला लागले. दोन दिवसांचा पाऊस होता. थोडं गेले आणि मागचं चाक फिरेना. पऱ्हाटीच्या काडीनं माती कोरली, दहा पावलं गेले, पुन्हा अडलं. तिनं बोटांनी माती ओढली. मडगार्ड उपटायला पाहिलं, तर नट मी घट्ट आवळलेले, आणि पाना कोणाकडे असणार? शेवटी सायकल तिथेच टाकून त्याला पाठुंगळी घेतलं. रस्त्यावर आले तेव्हा दुपारची एसटी वळणापलीकडे जाताना दिसली म्हणे. दवाखान्यात पोचला तेव्हा त्याचा श्वास चालू होता, सकाळी नव्हता. आधी आणला असता तरी वाचलाच असता असं नाही, असं डॉक्टर म्हणाल्याचं कोणीतरी सांगितलं. त्या कोणीतरीच्या शब्दाला मी किती वर्षं पाठ टेकून बसले आहे.

तेरवी झाल्यावर ती आली. चाक फिरतच नव्हतं, म्हणून मागची बाजू उचलून धरत सायकल घेऊन आली. मडगार्डखालची माती वाळून वीट झालेली. ती रडत नव्हती. मला अजून दिसते ती, दुकानाच्या उंबऱ्याबाहेर उभी आहे, माझ्या हातात पाना आहे, आणि ती विचारते, "हे मडगाड कोनं बसवलं?"

माझं तोंड उघडायच्या आत बाजेवरून तुमचा आवाज आला. "म्या बसवाले लावलं, बाई. ते सून नाईच म्हनत होती."

मी नाही म्हटलंच नव्हतं.

ती तुमच्याकडे वळली. मग म्हणाली, "म्हाताऱ्या, तुले दिसत नव्हतं तं तसं सांगाचं होतं." तुम्ही होकाराची मान हलवलीत. मी खाली बसले आणि मडगार्ड काढून दिलं. तिनं ते नेलं नाही.

पुढच्या रविवारी मागच्या अंगणात मी तुमची नखं काढत होते. मेल्या हाताची करंगळी माझ्या बोटांत धरलेली. जन्मभर पाना आवळलेलं बोट ते, माझ्या अंगठ्याएवढं जाड. मी माझी करंगळी तिच्या बाजूला ठेवली आणि नुसती पाहत बसले. सासूबाई भाजी सांगताना म्हणायच्या, चिमूटभर मीठ घाल. त्यांची चिमूट आणि माझी चिमूट सारखी नाही, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, तुम्ही ताट बाजूला सारलंत तेव्हा. चुलीपाशी कळलेलं दुकानात कसं कळलं नाही? इतकं साधं?

तुम्हीही त्या दोन बोटांकडेच पाहत होता. म्हणालात, "चूक माही आहे. बोट कोनाचं, हे म्या सांगतलंच नाई." आणि थोड्या वेळानं, "तिले सांगू नोको. माह्यं का, मी तं बसलोच आहो बाजीवर. तुले दुकान चालवा लागते."

मी म्हटलं, "हो जी." अगदी लगेच म्हटलं, मामाजी. एकदाही मोडता घातला नाही.

मग गावात झालं की म्हाताऱ्याचं डोकं चालत नाही, सून मात्र हाताची पक्की. लोक सायकल आणून मुद्दाम मला सांगायचे, "तुह्याच मनानं कर व, त्याले नोको विचारू." तुम्ही ऐकत पडून राहायचात. तुमच्या बदनामीवर माझं नाव झालं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मातीला सारा गाव होता, तिच्या घरचं कोणी नव्हतं. तुमच्या बोटाच्या जाडीची बाभळीची खुंटी मी ती नखं काढली त्याच महिन्यात तासून घेतली होती, आजही मडगार्डखालून तीच फिरवते. तेव्हापासून एकही चाक अडलं नाही. हे चांगलं काम म्हणून सांगत नाही, नुसतं सांगते.

ती आता माझ्याएवढीच म्हातारी झाली. पोरगी सासरी आहे, झरीकडे. बाजाराच्या दिवशी ती बाकावर पिशवी टेकवून दम खाते, मी चहा सांगते. इतक्या वर्षांत आमचं बरंच जमलं आहे, आणि तेच जास्त लागतं. मागच्या बाजारी फुंकर मारता मारता म्हणाली, "तुहा सासरा मनाचा वाईट नव्हता व. पन होत नव्हतं त्याच्यानं, तं कायले बसत होता दुकानात?"

मी म्हटलं, "साखर कमी झाली का व चहात?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत तुमचं नाव आहे, आणि मूठ उघडली तर ती माझा चहा पुन्हा पिणार नाही, एवढ्याच भ्यावानं मी ती आवळून धरली आहे. तुम्हाला लिहायला धीर लागत नाही. तुम्हाला यातलं सगळं ठाऊकच आहे. हे कागद वाचायचे आहेत ते तिनं. तिला वाचता येतं, पोरीच्या पुस्तकांवर शिकली, आणि तिचं घर इथून दोन गल्ल्यांवर आहे. वर "मामाजी" लिहिलं ते एवढ्यासाठीच, की कागद कधी तिच्या हाती लागलेच, तर मला म्हणता यावं, हे तुझ्यासाठी नव्हतं.