मुक्कामी गाडीची सोय

सावरगव्हाण, जि. परभणी
रविवार, ता. २२ फेब्रुवारी १९७६

प्रिय चंदर,

सप्रेम जयभीम. तुझं कार्ड गुरुवारी आलं. आलं म्हणजे माझ्या हाती सगळ्यात शेवटी आलं. तुला कितीदा सांगितलं, नुसती खुशाली असेल तर कार्ड टाक, बाकी पाकिटात लिहीत जा. आमचे टपालवाले रंगनाथ कार्ड वाचल्याशिवाय देत नाहीत, आणि वाचलं की पारावर सांगितल्याशिवाय त्यांना भाकर गोड लागत नाही. त्यामुळे 'आक्का, एक मार्चपासून महिनाभर तुझ्याच गावच्या मुक्कामी गाडीवर ड्यूटी लागली, रोज तुझ्या हातचं खायला येतो' ही बातमी मला कळायच्या आधी अख्ख्या गावाला कळली. तू लय खुशीत लिहिलं होतंस. मीही वाचून आधी खुशच झाले. शाळेतल्या पोरांना अर्धा तास लवकर सोडलं आणि घरी येऊन ज्वारीचं पीठ किती उरलंय ते बघितलं, तुला पुरेल का म्हणून. मूर्ख कुठली!

तुला ही गाडी कशी आली ते नीट ठाऊक नाही. मानवतच्या सडकेपासून आमचं गाव सात किलोमीटर आत. हा आतला रस्ता बहात्तरच्या दुष्काळी कामावर झाला. आपल्या बौद्धवाड्यातल्या बाया आणि गावातल्या बाया एकाच ओळीत बसून खडी फोडत होत्या. पाणी तेवढं वेगवेगळं पीत होत्या. रस्ता झाल्यावरही तीन वर्षं एसटी काही येईना. मग गेल्या वर्षी सरपंच दत्तराव म्हणाले, बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय, तुमीच अर्ज लिवा. लिहिला. डेपोतून उत्तर आलं की गाडी मुक्कामाला पाठवू, पण ड्रायव्हर-कंडक्टरच्या झोपण्याची, दिव्याची आणि पाण्याची सोय गावानं करावी. गावात दाराला कडी असलेली पक्की जागा एकच, मारुतीच्या देवळाची ओवरी. मीच लिहून दिलं, 'चालक व वाहक यांची सोय मारुती मंदिराच्या ओवरीत आदराने केली जाईल.' खाली पाच पंचांच्या सह्या. आता तू हसशील. माझा सख्खा भाऊ कंडक्टर, आणि मी सहा वर्षांत ज्या ओवरीची पायरी चढले नाही तिचं नाव लिहिताना माझ्या मनातसुद्धा आलं नाही की कंडक्टर आपल्यातला असू शकतो. गावाच्या डोक्यात आलं नाही ते एक वेळ समजतं. पण माझ्या डोक्याला काय झालं होतं रे?

गाडी जूनमध्ये सुरू झाली. पहिल्या दिवशी तिला हार घातले, नारळ फोडला, पेढे वाटले. तेव्हापासून सकाळी सहाला गाडी सुटते आणि तिच्यात सात पोरी मानवतच्या हायस्कूलला जातात. याच्या आधी या गावची एक पोरगी सातवीच्या पुढं गेली नव्हती, कारण सडकेपर्यंतच जाऊन-येऊन रोज चौदा किलोमीटर पायी कोण पाठवणार? सातांत सरपंचांची केशर आहे, आणि आपल्या वाड्यातल्या सटवाजीची धुरपता आहे. दोघी एका बाकावर बसतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तुझे दाजी चारठाण्याच्या शाळेवर. तेही आता शनिवारी याच गाडीनं येतात, नाही तर महिना महिना तोंड दिसत नव्हतं. माझ्या बदलीचा अर्ज जिल्हा परिषदेत चार वर्षं पडून आहे. त्याचं मी आता कुणाला विचारतसुद्धा नाही. गाडी आली तर मला वाटलं, चला, गाव नाही सुटलं तरी रस्ता तरी मोकळा झाला.

परवा शुक्रवारी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाची बैठक होती. ग्रामसेवक काशीनाथरावांकडे तीन गावं, त्यामुळे लिखाण माझ्याकडेच असतं, हे तुला माहीतच आहे. विहिरीचा कठडा, दिवाबत्ती, शाळेची कौलं असं करत करत आम्ही एसटीच्या खर्चावर आलो. दोन बाजा, कंदील, रॉकेल, रांजण. आणि तिथंच गाडं अडलं, कारण तुझं कार्ड सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी तंबाखू मळतंय, कुणी छताकडं बघतंय. शेवटी दत्तराव म्हणाले, बाई, माझ्या मनात काय न्हाई, पर लोकं ऐकायची न्हाईत, देवळाचा मामला हाय. लोकं ऐकली न्हाईत तर डेपोला कळवावं लागंल की आमच्याकडं सोय न्हाई. मग गाडी दुपारी येऊन माघारी जाईल. दुपारच्या गाडीचा पोरींना काय उपयोग, ते त्यांनी सांगायची गरज नव्हती. आणि मी बोलून गेले. म्हणाले, एवढं कशाला, माझा भाऊच आहे की, माझ्याकडं झोपेल.

चंदर, काय सांगू, त्या खोलीत सगळ्यांचा जीव भांड्यात पडला! भाऊ बहिणीकडं राहतो, यात कुणाला काय दिसणार? दत्तरावांनी चहा मागवला. बाईंनी घोर मिटवला, म्हणाले. मलाही वाटलं, मिटला. तू माझ्या घरी, गाडी जागेवर, पोरी शाळेत. मग काशीनाथराव त्यांच्या भाषेत सांगत गेले आणि मी लिहीत गेले, 'आवश्यकतेनुसार वाहकाच्या स्वतंत्र मुक्कामाची सोय शिक्षिकेच्या घरी, वार्षिक तरतूद रुपये साठ.' सगळं लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचायचा रिवाज आहे. वाचताना माझी जीभ 'वार्षिक'वर अडली. मी विचारलं, भाऊ तर एकच महिना आहे ना? काशीनाथराव शांतपणे म्हणाले, उद्या दुसरा कुणी तसला आला तर काय दर वेळी बैठक घ्यायची का? आता कायमची सोय झाली. आणि मी काय केलं असेल? कागद पुढं सरकवला. पाचही पंचांनी सह्या केल्या आणि शनिवारी तो पंचायत समितीला गेलासुद्धा.

दोन दिवस झाले, मला माझाच संताप येतो. लहानपणी वालूरला हॉटेलात वरून ओतलेलं पाणी ओंजळीत प्यायला नको म्हणून तुला मी तहानलेला घरापर्यंत ओढत आणला होता. तू रडत होतास, मी फटका दिला होता. तीच मी, माझ्याच अक्षरात असं लिहून बसले. आता तोंड उघडलं तर गाडी जाईल आणि सात घरच्या आया म्हणतील, बाईंनी आमच्या पोरींचं वाटोळं केलं. त्यात धुरपताची आईही असेल. तिला मी काय सांगू? नाही उघडलं, तर वर्षाचे साठ रुपये घेऊन माझं घर म्हणजे गावाचा वेगळा रांजण झालं. दाजींना विचारलं तर म्हणतात, गप राहा, गाडी महत्त्वाची. तेही खोटं बोलत नाहीत. कुठूनही गेलं तरी मी तिथंच येऊन पोचते.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते सांगते. एक तारखेला ये. ड्यूटी बदलून घेऊ नकोस. पण माझ्या घरी मुक्कामाला येऊ नकोस. ड्रायव्हर जिथं वळकटी टाकतील तिथंच, ओवरीत, तुझी वळकटी टाक. मी भाकरी घेऊन तिथं येईन आणि पायरीवर बसून तुझ्यासोबत जेवीन, कोण काय म्हणेल ते मला म्हणू दे. गाडी बंद पडेल का, दत्तराव केशरची शाळा सोडवतील का, मला काही कळत नाही. मी फार घाबरलेय, खोटं कशाला सांगू? पण तुझी बहीण या गावात आहे म्हणून तुझं भागेल. पुढच्या महिन्यात आपल्यातलाच दुसरा कुणी आला तर त्याची बहीण इथं नसेल, आणि त्यालाही त्या कागदानं ओवरीबाहेरच ठेवतील ना? तेव्हा माझं एवढं ऐक. कितीही वाटलं तरी माझं दार वाजवू नकोस. वाजवलंस तर मी उघडीन.

तुझीच,
मनकर्णाक्का