आबा, मी बोलणारच

आबा, नववीच्या वर्गात तुम्ही प्रजननाचा धडा "घरी वाचून घ्या" म्हणून सोडून दिलात, तेव्हा मी उठून विचारलं होतं, "का?" तुमच्याच शाळेत, तुमचीच मुलगी. तुम्ही मला वर्गाबाहेर काढलंत. संध्याकाळी लोधीपुऱ्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता तुम्ही तिला म्हणालात, "हिला समजाव. चांगल्या घरच्या मुली असलं विचारत नाहीत." माझा प्रश्न बरोबर होता, आबा. आजही बरोबर आहे.

तुम्ही गेल्यावर मी नर्स होऊन जर्मनीत आले. इथं रुळण्याची ती वर्षं दिवसभर वृद्धाश्रमात काम आणि संध्याकाळी भाषेचा वर्ग, यातच गेली. वर्गातल्या बाई शरीराच्या एकेका अवयवाचं नाव आमच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेत. देशोदेशीचे आम्ही नवखे लोक आधी लाजायचो, मग हसायचो, मग नुसतं बोलायचो. तेव्हाच मी ठरवलं, आपल्याकडच्या पोरांशीही असंच बोलायचं. आता दर रविवारी खकनारजवळच्या एका गावातल्या मुलामुलींशी मी व्हिडिओ कॉलवर बोलते. अंगणवाडीच्या ताई फोन टेबलावर उभा करतात आणि पोरं विचारतात. पाळीबद्दल, अंगात रक्त कमी असण्याबद्दल, जे मनात येईल ते.

एका रविवारी सगळे गेले तरी एक मुलगी बसूनच राहिली. ओठ पांढरेफटक. "ताई, चक्कर येते. पाळी थांबतच नाही. मम्मी म्हणते, किसी को बताना मत." अंगणवाडीच्या ताईंना सांगून मी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते केळीच्या बागेतून तसेच आले. मी कुणाची मुलगी, हे गावाला ठाऊक आहे.

"बाई, तुमी तिकडं परदेशात. इथं पोरीचं लगन आमाले करनं आहे. ह्या गोष्टी फोनवर कायले? मी मास्तरांच्या हाताखाली शिकलो. ते असते तर हे बंद केलं असतं."

"केलं असतं, काका. तरी मी बोलले असते. लग्नाचं नंतर बघा. हिला आत्ता दवाखान्यात न्या, उशीर झाला तर जिवावर बेतेल."

बरीच हुज्जत झाली. शेवटी त्यांनी मुलीला मोटारसायकलवर बसवून बुऱ्हाणपूरला नेलं. तिथं तिला रक्त चढवलं, औषधं सुरू झाली. आता ती पुढं बसते आणि सगळ्यात जास्त तीच विचारते. वडील अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. नाही तर नाही.

हा कागद मी आईलाही दाखवणार नाही, कारण एक गोष्ट तिला सांगितलेली नाही. त्या दिवशी त्या मुलीचे वडील माझ्या बोलण्यानं उठले नाहीत. मी म्हटलं, "काका, मास्तर जायच्या आधी मला म्हणाले होते, लाजेपायी कुणाची लेक जाऊ देऊ नको." मग ते उठले. तुम्ही असं काही कधीच म्हणाला नव्हतात, आबा. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तुमच्या नावावर खपवेन.