कंसातली आत्या

ती. आत्यास,

तुझ्या लाडक्या (निदान मागच्या महिन्यापर्यंत लाडक्या) भाचीचा वाकून नमस्कार. डोळ्यावरची पट्टी निघाली का? डॉक्टरांनी वाकू नका म्हटलंय, तेव्हा कुंड्यांपुढे बसून माती उकरत राहू नकोस. पत्र शेजारच्या काकू वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. (काकू, कंसातला मजकूर तुमच्यासाठी, मोठ्यानं वाचू नये. आत्याचा चहा झाला असेल तरच पुढे जा.)

तर विषय तुझ्या पिवळ्या फुलाचा. चाळीस वर्षांपूर्वी खडकाच्या कपारीत ते तुला सापडलं, तू त्याला नाव दिलंस आणि सूर्यफुलाच्या भल्यामोठ्या कुळातल्या एका प्रजातीत नेऊन बसवलंस. (काकू, प्रजाती म्हणजे झाडाचं आडनाव समजा.) मागच्या महिन्यात तू फोनवर बजावलंस की माझं झाड त्या प्रजातीतून हलवलंस तर या घरात पाऊल टाकू नकोस. आत्या, खरं सांगते, मी तुझंच म्हणणं सिद्ध करायला निघाले होते. जो तो उठून म्हणे, बाईंचं ते झाड चुकीच्या घरात आहे, आणि मी पदर खोचून भांडत असे.

तू लिहून ठेवलंयस की याच्या बीच्या डोक्यावर केसांचा तुरा नसतो, आणि त्यावरूनच तर त्याची प्रजाती ठरली. मी दोन वर्षांत दोनशे बिया भिंगाखाली घातल्या. दोनशेच्या दोनशे टकल्या! मी खूष. मग पानाचा डीएनए तपासला, तर पहिल्या खेपेला तुझं झाड चक्क वाटाणा निघालं. (काकू, त्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या टेबलावरच डबा खाल्ला होता. हे तर मुळीच वाचू नये.) दुसऱ्या खेपेला हात स्वच्छ धुऊन बसले, तर झाड शेजारच्या प्रजातीत जाऊन बसलं. तिसऱ्या खेपेलाही तिथेच. आणि त्या प्रजातीत एकूण एक बियांना तुरा असतो! डीएनए एक सांगतोय, बी दुसरंच.

मग वाळवलेल्या झाडांची कपाटं सांभाळणारे आमच्या प्रयोगशाळेतले गृहस्थ सर्दीमुळे तोंडाला मास्क बांधून आले. त्यांनी नवी पुडी उघडली, बी भिंगाखाली ठेवली आणि म्हणाले, "बाई, हिला तर झकास तुरा आहे." मी झडप घालून बी हातात घेतली, सवयीनं हलकीच फुंकर मारली, आणि तुरा दोघांच्या डोळ्यांदेखत उडून गेला.

मला एकदम आठवलं. मी सात वर्षांची असताना तू मला स्टुलावर उभं केलंस, हातात भिंग दिलंस आणि पहिला धडा दिलास, की बघण्याआधी फुंकर मारायची, धूळ जाते. चाळीस वर्षांपूर्वी तू मारलीस, मग मी दोनशे वेळा. आपण दोघींनी मिळून त्या बिचाऱ्या झाडाची हजामत केली गं! पुढच्या ऐंशी बिया मी श्वास रोखून पाहिल्या. सगळ्यांना तुरा होता.

तेव्हा झाड हलवावं लागतंय. तू ठेवलेलं नाव तसंच राहील, आडनाव तेवढं बदलेल. पण नियम तुला माहीत आहे. झाडाच्या नावापुढे आधी नाव देणाऱ्याचं नाव कंसात जातं आणि हलवणाऱ्याचं बाहेर लागतं. माझ्या निबंधातले सगळे कंस तू लाल शाईनं खोडायचीस, म्हणायचीस की कंसात घालण्याजोगं असेल ते लिहूच नये. दुसऱ्या कुणालाही मी खुशाल कंसात घातलं असतं. तुला घालवत नाही. रागाव हवं तेवढं, पण मला दारातून परत पाठवू नकोस.

तुझी,
भाची

ता. क. सोबत एक कागद आहे. लेखाची सहलेखिका म्हणून त्यावर सही कर, म्हणजे तू कंसातही राहशील आणि बाहेरही, माझ्या आधी. खरं तर एवढ्यासाठीच पत्र. (काकू, सही होईपर्यंत तिला उठू देऊ नये.)

ता. क. २. लहान पुडीत तुरेवाल्या बिया आहेत. डोळा बरा झाला की स्वतः बघ. फुंकर मारू नकोस.

ता. क. ३. पुडीवर बारा असं लिहिलंय, पण तुरा सातच बियांना आहे. पुडी बांधताना मला जरा धूळ दिसली.