सुभेदाराच्या बागेतले गाणेघर

मी, दगाजी धुडकू चौधरी, पेन्शनर ड्राफ्ट्समन, राहणार नंदुरबार, जिल्हा पश्चिम खानदेश, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत. यापूर्वी लिहिलेले सारे रद्द समजावे.

राहते घर व पोस्टातली शिल्लक माझी पत्नी तापीबाई हिची. कंपासपेटी आणि टी-स्क्वेअर शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांना द्यावे. पुतण्या रूपचंद, बाग कमिटीचा सभासद, याला माझी छत्री. ती केव्हापासून त्याच्याकडेच आहे. देण्याचा वेगळा समारंभ नको.

आता घरामागचा जमिनीचा पट्टा. हा सुभेदाराच्या जुन्या बागेला लागून आहे. बागेतली एकही चिंच मी तोडू देणार नव्हतो, म्हणून कमिटी तिथे बांधणार होती त्या गाणेघराला हा पट्टा लागत होता. कमिटीने नकाशा मलाच काढायला सांगितला. मोठे दालन, बायकांना बसायची वेगळी सोय, परगावच्या गवयांना उतरायला खोल्या, सगळे मी त्या चिंचांमधून बसवले. आमच्याकडे गाणे म्हणजे कलगी-तुरा. कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर बसतात. एकाने गाण्यात कोडे घालायचे, दुसऱ्याने गाण्यातच सोडवायचे. म्हणून मी दोन मंच काढले, समोरासमोर, सारख्या उंचीचे, आणि लोक मध्ये.

मीटिंगमध्ये रूपचंदने विचारले, "काका, उद्घाटनले कलेक्टरसाहेबनी खुर्ची कोनाकडे तोंड करीसन ठेवानी?"

तिथे सगळे अडले. कलगीचे रूपसिंग बुवा म्हणाले, "आम्हनाकडे पाठ व्हयनी ते आम्ही डफ उचलीसन घर जासूत." तुऱ्याचे फकीरभाई म्हणाले, "आम्ही बी." त्या दोघांचे एकमत झालेले मी तेवढेच पाहिले. वैतागून म्हणालो, मग फिरती खुर्ची करा. कमिटीने ते ठरावात लिहून घेतले आणि सुतार बोलावला. सुताराने हात जोडले, तेव्हा मला हुकूम आला की एकच मंच काढा आणि समोर खुर्च्यांच्या रांगा. मी काढला नाही. त्यानंतर प्रत्येक मीटिंगला जाऊन तेच तेच सांगत राहिलो. रूपचंद जांभया देतो. आताशा मलाही येतात.

काल या जागी मी असे लिहिले होते की, दोन मंच होणार असतील तरच पट्टा कमिटीस द्यावा आणि तोवर तापीबाईने तो कोणास विकू नये. तिला वाचून दाखवले. ती गोठ्यात शेण काढत होती. म्हणाली, "तुम्हीन जलमभर कागदवर भिंती बांध्यात. आते मरीसन मन्हा हात बी बांधतस का? रूपचंद रोज दारमा ईसन बसी. मी एकली त्याले काय सांगू?"

रूपचंद खरेच रोज येऊन बसेल. म्हणून ती अट खोडली आहे. पट्टा बिनशर्त तापीबाईचा. तिने गोठा वाढवावा, विकावा, हवे तर रूपचंदला एका मंचासाठी देऊन टाकावा. ते गाणेघर मला डोळ्यांनी पाहायचे होते. अजूनही पाहायचे आहे. पण त्यासाठी माझ्यामागे तिला रोज भांडायला लावणार नाही.

राहिले नकाशे. ते ट्रेसिंगच्या कापडावर काढलेले आहेत; हे कापड गरम पाण्यात भिजवले की खळ आणि शाई निघून जाते आणि तलम सुती कापड हाती येते. आमच्या खात्यात सगळ्यांच्या घरचे रुमाल असेच झाले. तापीबाईने नकाशे धुऊन वापरावेत. दोन मंचांचा सगळ्यांत मोठा आहे, त्यात तिची एक चोळी सहज होईल. तो तेवढा ठेव, असे लिहायला टाक दोनदा बुडवला. लिहिलेले नाही.

सही: दगाजी धुडकू चौधरी

दगाजी चौधरी यांनी हे आम्हांस वाचून दाखवून आमच्यादेखत सही केली, व आम्ही त्यांच्यादेखत केली.

साक्षीदार: हबीब गुलाब मन्यार, शेजारी
साक्षीदार: जालमसिंग गिरासे, पेन्शनर तलाठी

नंदुरबार, ता. ९ फेब्रुवारी १९३८